मागणी क्रमांक एक

नांदेडच्या त्या विद्यापीठाच्या गेटातून आत शिरलं की आधी झाडं दिसत नाहीत, इमारती दिसत नाहीत, अध्यक्ष दिसतात. विद्यापीठ अध्यक्ष, जिल्हाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सगळे फ्लेक्सवर ओळीने उभे. कुणाच्या डोळ्यांवर गॉगल, कुणाच्या कानाला मोबाइल, कुणी उगाच आभाळाकडे बघतोय. आता इथे विद्यार्थ्यांची निवडणूक म्हणून कैक वर्षांत काही झालेलं नाही. आज शिकणाऱ्या एकाही पोराने किंवा पोरीने या आवारात कधी मत दिलेलं नाही. तरी अध्यक्षांना तोटा नाही. ते नेमले जातात. पक्षाच्या साहेबांकडून लेटरपॅडवर पत्र येतं, हार पडतो, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणूस विद्यार्थ्यांचा नेता असतो. विद्यार्थ्यांना हे कळतं ते फ्लेक्स लागल्यावर.

रविकिरण अध्यक्ष नव्हता. अशाच एका संघटनेचा प्रसिद्धीप्रमुख होता, आणि त्या बिचाऱ्याला त्याचाही अभिमान होता. मूळचा देवणीचा. वडील बसलिंगप्पांचं तिथे किराणा दुकान. पोरगा राज्यशास्त्रात एम.ए. करायला नांदेडला निघाला तेव्हा त्यांनी एवढंच बजावलं होतं, की राज्यशास्त्र शीक, राज्य करायच्या भानगडीत पडू नकोस. पहिलं वर्ष त्याने ऐकलं. वसतिगृहाची खोली, विभाग, मेस आणि परत खोली. अभ्यासिकेत रोज तीच डोकी, स्पर्धा परीक्षेच्या त्याच जाड पुस्तकांवर वाकलेली. केस विरळ व्हायला लागले तरी जागेवरून न उठणारी. विभागात शिकवणारे निम्मे सर तासिका तत्त्वावर, आणि त्यांना पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याचीच काळजी. पोरं परीक्षा देत होती, निकालाची वाट बघत होती, पुन्हा परीक्षा देत होती. एवढ्या मोठ्या आवारात आपलं नाव कुणाला माहीत नाही, उद्या आपण बॅग उचलून गेलो तर मेसवाल्याशिवाय कुणाला पत्ता लागणार नाही, हे रविकिरणला आतून खात होतं. अशा पोराला हेरायला सुदर्शनदादाला वेळ लागला नाही.

सुदर्शन संघटनेचा विद्यापीठ अध्यक्ष. मुदखेडचा. त्याचं एम.ए. कधी झालं हे आता त्याच्या वर्गमित्रांनाही आठवत नाही, पीएच.डी.ला नाव घालून ठेवल्यामुळे वसतिगृहातली खोली मात्र टिकून होती. माणूस वाईट नव्हता. कुणाचा बाप दवाखान्यात पडला तर रक्ताची पिशवी शोधत फिरायचा, कुणाला गावी जायला गाडी नसली तर स्वतः नेऊन सोडायचा. पण त्याला प्रश्न लागायचा. आवारात काही प्रश्न नसला की त्याचा चेहरा पडायचा, जेवण जायचं नाही. रविकिरणचं मराठी चांगलं आहे हे कळल्यावर त्याने निवेदनं लिहायचं काम त्याच्याकडे सोपवलं.

निवेदन ही काय चीज आहे ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. अर्ज एकटा माणूस करतो आणि खिडकीत देतो. निवेदन शिष्टमंडळ देतं आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर देतं. देताना कागदाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं अध्यक्षांच्या हातात, बाकीच्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं आणि अजिबात हसायचं नाही. बातमी रविकिरण आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. ‘विद्यार्थ्यांमध्ये तीव्र संताप’, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’. पण सुदर्शनने त्याला शिकवलेली खरी विद्या म्हणजे मागण्यांचा क्रम. पहिली मागणी अशी टाकायची की समोरच्याला मान्य करताना जड जाऊ नये. चौकशी समिती नेमा, ही सगळ्यात उत्तम. समिती नेमायला विद्यापीठाच्या बापाचं काय जातं? आणि पहिली मागणी मान्य झाली की आंदोलन यशस्वी झालं म्हणता येतं, दोन्हीकडचे लोक मानाने घरी जातात. हे ऐकलं तेव्हा आपण फार शहाणे झालो असं रविकिरणला वाटलं होतं.

अशात तनुजाचं प्रकरण आलं. तनुजा हदगावकडची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी. ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोघांची ओळख झालेली. तिच्या बाजूने ती ओळखच होती. त्याच्या बाजूने जरा जास्त होतं, पण ते त्याने कधी ओठावर येऊ दिलं नाही. तिचे वडील लवकर गेले, आई कस्तुराबाईने शेत स्वतः कसून पोरीला शिकवलं. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत जागा निघाल्या होत्या, तिने परीक्षा दिली होती, आणि निवड यादीत तिचं नाव आलं होतं. त्यांच्या घरातली ही पहिली नोकरी. आता कागदपत्रं तपासून घ्यायची तारीख तेवढी राहिली होती, महिन्याभरावर, लातूरच्या कार्यालयात. तिथे शेवटच्या सत्राचं गुणपत्रक दाखवायचं होतं. आणि निकाल लागला तो असा, की तिने तीन तास बसून लिहिलेल्या एका पेपरपुढे ‘गैरहजर’ लागलेलं.

ती घाबरली, पण हातपाय गाळून बसली नाही. सरळ परीक्षा विभागात गेली. तिथल्या भागवत नावाच्या कारकुनाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अशा चुका दरवेळी होतात. एक साधा अर्ज दे, केंद्रावरून हजेरीपट मागवतो, उत्तरपत्रिका सापडली की गुण चढतील, तुझ्या तारखेच्या आत होऊन जाईल. ती हलक्या मनाने कॅंटीनमध्ये आली आणि अर्ज लिहायला बसली. तिथे तिला रविकिरण भेटला.

त्याने ‘बरं झालं’ एवढं म्हणून चहा पाजला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्रसिद्धीप्रमुखाला चहा पाजून भागत नाही. शिवाय तिच्या अडचणीत आपला काही उपयोगच नाही, एक कारकून परस्पर काम करून टाकतोय, हे त्याला कुठेतरी टोचलं. तसं त्याने स्वतःशी कबूल केलं नाही, तो भाग वेगळा.

“अर्जाला इथं कोण विचारतंय?” तो म्हणाला. “असले अर्ज पोत्यानं पडून हायत आत. निवेदन द्यावं लागतं, तनुजा. दबाव लागतो.”

“मला आंदोलन न्हाई पाहिजे रे. निकाल पाहिजे.”

“दोन्ही एकच हाय.”

आणि हे तो मनापासून बोलत होता, थापा मारत नव्हता. दोन दिवसांत त्याने वसतिगृहं पालथी घालून ‘गैरहजर’ लागलेली आणखी दहा-बारा पोरं शोधून काढली. एकटीचं काम गुपचूप करून घेणं म्हणजे वशिला, सगळ्यांचं मिळून करून घेणं म्हणजे चळवळ, असं त्याने तनुजाला समजावलं. तू वेगळा अर्ज दिलास तर निवेदनातली हवाच जाईल, थोडं थांब, असंही सांगितलं. तिला ते पुरतं पटलं नव्हतं. पण बाकीच्या पोरांमध्ये एक शिवकांता होती, निलंग्याकडची, तिला तर दोन पेपरांत गैरहजर दाखवलं होतं आणि ती सारखी रडत होती. तिच्याकडे बघून तनुजाने लिहिलेला अर्ज पर्समध्ये ठेवून दिला.

सुदर्शनला हे कळलं तेव्हा त्याच्या तोंडावर तेज आलं. कितीतरी दिवसांनी असला सणसणीत प्रश्न हाती लागला होता. रविकिरणने एका बैठकीत निवेदन लिहून काढलं. एक, सदर प्रकरणाची सखोल चौकशी करण्यासाठी समिती नेमावी. दोन, दोषींवर कठोर कारवाई करावी. तीन, वसतिगृहांत पिण्याच्या पाण्याची सोय करावी. चार, बाधित विद्यार्थ्यांचे निकाल तात्काळ दुरुस्त करावेत. लिहिताना एकदा त्याच्या मनात आलं, की निकालाची मागणी वर घ्यावी. पण हाताला वळण पडलं होतं. आणि चौथी काय, पहिली काय, मागण्या सगळ्या एकाच कागदावर आहेत, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला. सुदर्शनने वाचून ‘एक नंबर’ म्हटलं आणि आठ दिवसांची मुदत घालायला सांगितली.

कुलगुरूंना निवेदन देतानाच्या फोटोत तनुजाला पुढे उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, हदगावपर्यंत पोचला, कस्तुराबाईने शेजारच्या पोराकडून बातमी वाचून घेतली आणि कात्रण देवाजवळ ठेवलं. इकडे तनुजा परीक्षा विभागात चौकशीला गेली, तर भागवतने मान हलवली. प्रकरण आता कुलगुरूंकडे गेलंय, माझ्या टेबलावर काही राहिलेलं नाही, वरून काय सांगतील ते खरं, असं तो म्हणाला. तिने हे रविकिरणला सांगितलं, तर तो खूश झाला. म्हणजे दणका बसला, तो म्हणाला.

मुदत संपली. विद्यापीठाने काही कळवलं नाही. मग प्रशासकीय इमारतीसमोर मांडव पडला, मागे साहेबांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला आणि आमरण उपोषणाची घोषणा झाली. बसणार कोण, यावर थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघत राहिले. अध्यक्षाला बसता येत नाही. तो बसला तर चर्चा कोण करणार? बाकीचे साखळी उपोषण करणार होते, म्हणजे सकाळी एकाने बसायचं, दुपारी दुसऱ्याने. रविकिरण म्हणाला, मी बसतो. तेव्हा तनुजाने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेसाठी तो महिनाभर उपाशी राहिला असता.

उपोषण त्याने खरं केलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. मांडवाच्या मागे पोरं आळीपाळीने जाऊन मिसळ खाऊन येत होती, पण त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पावसाळ्याचे दिवस, पण पाऊस दडी मारून बसलेला. मांडवात नुसतं उकडत होतं. गंगम्माने, त्याच्या आईने, रडत फोन केला. असलं कसलं शिक्षण, घरी ये, म्हणाली. मग तो ऐकत नाही म्हटल्यावर, निदान लिंगपूजा केल्याशिवाय पाणी घेऊ नकोस रे, एवढं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं. वडील फोनवर आले नाहीत. सकाळी त्याने मांडवाच्या कोपऱ्यात पाठ फिरवून तळहातावर इष्टलिंग घेतलं, तेव्हा सुदर्शनने फोटोग्राफरला बोलावलं. रविकिरणने मान हलवून नाही म्हटलं. बसल्यापासून सुदर्शनला दिलेला तो त्याचा पहिला नकार, आणि पुढे कळलं त्याप्रमाणे शेवटचाही.

तनुजा रोज येऊन बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा बसली नाही, त्याच्याजवळ वाकली. मांडवात जवळजवळ कुणी नव्हतं. तिला भागवतचा फोन आला होता. वरून निरोप होता, की जिला नोकरीची तारीख आहे त्या मुलीने वेगळा अर्ज द्यावा, आंदोलनाशी आपला संबंध नाही असं त्यात लिहावं, दोन दिवसांत गुणपत्रक हातात देऊ.

“बाकीच्यांचं?” रविकिरणने विचारलं.

“त्यांचं मागून करतो म्हणाले.” तिने पर्सची चेन उघडली, जुना अर्ज आतच होता. “मी जाऊ का? तू सांग. तू हो म्हणलास तर जाते.”

तिने त्याला विचारायची काही गरज नव्हती. ती सरळ वर जाऊन अर्ज देऊन आली असती तर तिला कोण अडवणार होतं? पण तीन दिवसांत त्याचे गाल बसले होते, ओठ फुटले होते, आणि ते तिच्यासाठी होतं. त्याच्या तोंडावर ‘माझा यांच्याशी संबंध नाही’ असं लिहून द्यायला तिचा हात धजत नव्हता. रविकिरणला हे सगळं दिसत होतं. शिवकांताचं नाव घेता आलं असतं, बाकीच्या पोरांचं काय होईल असं विचारता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण भुकेल्या पोटी माणसाच्या तोंडून आतलं तेच बाहेर येतं.

“तू गेलीस तर मी कशासाठी बसलो?” तो म्हणाला.

तिने पर्सची चेन लावली आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. संध्याकाळी सुदर्शनने तिच्या डोक्यावर हात ठेवून, बहीण असावी तर अशी, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

चौथ्या दिवशी साहेब नांदेडला आले. उपोषणासाठी नाही; एका लग्नासाठी. मुहूर्ताला अवकाश होता आणि अर्धा तास मोकळा होता. सकाळपासून सुदर्शनची प्रशासकीय इमारतीत ये-जा सुरू झाली. मग अचानक गर्दी वाढली, खुर्च्या आल्या, रविकिरणच्या गळ्यात हार पडला आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडाला मोसंबीचा रस लावला. विद्यापीठाने लेखी आश्वासन दिलंय, पहिली मागणी मान्य झालीय, हा विद्यार्थी एकजुटीचा विजय आहे, असं सुदर्शन माइकवर सांगत होता. रस गोड होता. चार दिवसांच्या कोरड्या तोंडाला तो इतका गोड लागला, की रविकिरणच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि फोटो नेमका तेव्हाच निघाला.

साहेब लग्नाला गेल्यावर त्याने ते आश्वासन वाचायला मागितलं. विद्यापीठाच्या कागदावर टाइप केलेलं, सहीशिक्क्याचं पत्र. आपल्या निवेदनातील मागणी क्रमांक एकनुसार सखोल चौकशी करण्यासाठी समिती गठित करण्यात येत आहे. समितीचा अहवाल प्राप्त होईपर्यंत संबंधित सर्व विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवण्यात येत आहेत. त्याने ते पुन्हा वाचलं. ‘सखोल चौकशी’ हे शब्दसुद्धा त्याचेच होते, जसेच्या तसे उचललेले.

तो सुदर्शनकडे धावला. सुदर्शन मांडववाल्याशी बोलत होता. राखून ठेवलेत म्हणजे रद्द तर केले नाहीत ना, तो म्हणाला. समिती बसली की आपण समितीला निवेदन देऊ. आणि मग जरा नरमाईने, “रव्या, प्रश्न सुटाया वेळ लागतो. तू लई मनाला लावून घेलालास.” त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्याला खरोखरच यात काही बिघडलंय असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तनुजा जुना अर्ज घेऊन भागवतकडे गेली, रविकिरण बरोबर होता. भागवतने अर्ज घेतलाच नाही. आता समिती नेमलीय, समितीपुढच्या प्रकरणाला मी हात लावला तर माझी नोकरी जाईल, तो म्हणाला. तुमच्याच मागणीवरनं नेमलीय की, असंही म्हणाला, टोमणा म्हणून नाही, माहिती म्हणून. समितीची पहिली बैठक सणांनंतर होणार होती.

तरी तारखेला दोघं लातूरला गेली. हॉल तिकीट, पेपरातली कात्रणं, आश्वासनाचं पत्र, सगळं फाइलला लावून. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद शांतपणे बघितले. मुदत वाढवायचा अधिकार मला नाही, गुणपत्रक नसेल तर प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागतं, असं त्यांनी सांगितलं, आणि आत बोलावून पाणी दिलं. वाईट बोलायला तिथे कुणी नव्हतंच, की ज्याच्यावर राग काढावा. बाहेर एक मुलगी वडिलांबरोबर उभी होती. प्रतीक्षा यादीतली असावी, कारण ती या दोघांच्या तोंडाकडे बघत होती आणि बघतेय हे लपवत होती. लातूरच्या बसस्थानकावर रविकिरणने चहा आणला. तनुजाने तो घेतला, पिऊन झाल्यावर कप टोपलीत टाकला आणि नांदेडच्या गाडीत जाऊन बसली. तो देवणीला जाणार होता. तिने खिडकीतून त्याला हात केला. न करण्याइतकी ती कठोर नव्हती.

दसरा झाला, दिवाळी झाली. उपोषणाच्या त्या फोटोने रविकिरणचं नशीब मात्र काढलं. साहेबांना पोरगा लक्षात राहिला होता. लातूरकडे लिंगायत समाजाची मुलं संघटनेत कमी आहेत, तिकडे हाच चेहरा बरा, असं ठरलं आणि त्याला लातूर जिल्हाध्यक्ष केल्याचं पत्र आलं. नाही म्हणायचं असं ठरवून तो कार्यक्रमाला गेला होता. तिथे हार गळ्यात पडला, टाळ्या वाजल्या, आणि त्याच्या तोंडून ‘सर्वांचे आभार’ एवढंच निघालं. देवणीत चौकात फ्लेक्स लागला. ज्या बसलिंगप्पांनी राज्य करायच्या भानगडीत पडू नको म्हणून बजावलं होतं, ते आता गिऱ्हाइकाला साखर बांधून देताना, आमचा रवी लातूरचा अध्यक्ष झालाय, असं सहज सांगितल्यासारखं सांगू लागले. गंगम्माने दृष्ट काढली. ज्या आवारात आपलं नाव कुणाला माहीत नाही म्हणून तो कुढायचा, तिथे आता पहिल्या वर्षाची पोरं त्याला बघून उठून उभी राहत होती. त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

समितीचा अहवाल आला तेव्हा थंडी पडली होती. दोष कुणाचा नव्हता, तांत्रिक चूक होती, असं त्यात होतं. निकाल दुरुस्त झाले. शिवकांता पास झाली. तनुजाला त्या पेपरात विभागात सगळ्यात जास्त गुण होते. तिची जागा तोवर भरली गेली होती, आणि नव्या जागा कधी निघतील हे कुणीच सांगू शकत नव्हतं. ती नांदेड सोडून गावी गेली होती, तालुक्याच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवत होती.

लातूरला जाऊन पद सांभाळायच्या आधी रविकिरण एकदा हदगावला गेला. तिथून पुढे जीपने तिच्या गावी. कशासाठी जातोय हे त्याला स्वतःला स्पष्ट होतं: चूक माझी होती, असं तिच्या आईपुढे म्हणायचं. तनुजा शिव्या देणार नाही हे त्याला माहीत होतं. कुणीतरी द्याव्यात, एवढीच त्याची अपेक्षा होती. कापसाची वेचणी चालली होती. कस्तुराबाई नुकतीच रानातून आलेली, ओच्यात तुरीच्या शेंगा. तिने त्याला दारातच ओळखलं, पेपरातल्या फोटोवरून.

“तूच न्हवं का उपाशी बसलेला? ये बाबा, आत ये.”

तिने त्याला दुसरं काही बोलूच दिलं नाही. हातपाय धुवायला पाणी दिलं, शेजारणीला हाक मारून त्याला दाखवलं. माझ्या तनीसाठी चार दिवस अन्नाला शिवलं न्हाई हे लेकरू, तिने शेजारणीला सांगितलं. आपल्या नशिबातच नव्हतं, त्याला कोण काय करणार. मग शेंगा सोलून तिने सोल्याची भाजी फोडणीला टाकली आणि भाकरी थापायला घेतली. लिंगायताघरचं लेकरू हाय, आपल्याकडचं चालतं ना बाबा, असं तिने मध्येच काळजीने विचारलं. तो हो म्हणाला. तेवढ्यात तनुजा शाळेतून आली. त्याला बघून दारात क्षणभर थांबली, मग पिशवी खुंटीला अडकवून येऊन बसली.

ताट पुढे आलं. त्याने हात लावला नाही.

“मावशी, तसं न्हाई ते. मी तुमाला सांगाया आलोय. तिचं जे झालं ते माझ्यामुळंच...”

“माय,” तनुजा मध्येच म्हणाली, “कांदा दे की त्याला. आणि ठेचा हाय का बघ.”

कस्तुराबाई उठून आत गेली. तनुजाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“मी तिला काही सांगितलं न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “आपल्या लेकीसाठी कुणीतरी परक्याचं पोरगं उपाशी बसलं होतं, एवढंच तिच्याजवळ राह्यलंय. तू तेवढं बी घेऊन जाऊ नको.”

आतून कस्तुराबाई कांदा आणि ठेचा घेऊन आली. अजून जेवायला सुरुवात केली नाही म्हणून रागावली. दुसरी गरम भाकरी तिने ताटात टाकली, पदराने तोंडावरचा घाम पुसला आणि त्याच्या समोर बसली. लाजू नको, पोटभर खा, ती म्हणाली. रविकिरणने खाली मान घालून भाकरी मोडली. त्याचं ताट रिकामं होईपर्यंत ती समोरून उठली नाही.